मनगटाची पिवळी

३० नोव्हेंबर, रविवार

ही डायरी हर्षालीला कॉलेजात कसल्याशा स्पर्धेत मिळाली. तिने पहिल्या पानावर स्वतःचं नाव काढलं, खाली एक फूल काढलं आणि कंटाळली. लेक कुणाची! पण मी लिहिणार आहे. आजवर माझं सगळं लिहिणं कॅलेंडरच्या चौकोनात मावलं, सिलिंडर कधी लावला आणि म्हैस कधी व्याली एवढंच. आता चौकोनात मावणार नाही असं काहीतरी करायला मी निघालेय.

म्हसा गावच्या जत्रेत आपला भाकरीचा स्टॉल लावायचा. ठरलं. पावसाळ्यात चार रविवार आम्ही आमच्या वैशाखऱ्याच्या रस्त्याकडेला चूल मांडून बघितली. माळशेजला निघालेल्या गाड्या थांबल्या, लोकांनी बोटं चाटली, फोटो काढले. पण रस्ता पावसाळ्यापुरता. पौष पौर्णिमेला म्हशाला जेवढी माणसं लोटतात तेवढी इथे वर्षभरात येत नाहीत. जागा मिळाली आहे, बैलबाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर.

भाकरी सासूबाईंची. बाईजा त्यांचं नाव, अडुसष्ट वर्षांच्या, आणि तांदळाची भाकरी अशी की उजेडाला धरली तर पलीकडचं माणूस दिसावं. माझी भाकरी गोल होते, फुगतेही, पण साईनाथ म्हणतात, "अंजूची भाकरी पोटाला, आईची जिवाला." नवरा असून असं बोलतात. खरं आहे म्हणून जास्त झोंबतं.

भातकापणीपासून आईंचं उजवं मनगट दुखतंय. काल तिसऱ्या भाकरीनंतर हात झटकून बसल्या. अख्खा स्टॉल त्या मनगटावर उभा आहे आणि ते मनगटच कुरकुरतंय. मला तेव्हापासून काही सुचत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

माहेरी शेणव्याला चुलतबहिणीच्या साखरपुड्याला जाऊन आले. येताना शहापूरला उतरून मेडिकलमध्ये शिरले. मनगट दुखतंय, काहीतरी चांगलं द्या म्हटलं. त्याने विचारलं, कुणाचं? वय काय? बीपी, शुगर, अॅसिडिटी? मागे माणसं खोळंबलेली आणि मला मुरबाडची गाडी गाठायची होती. आईंचं म्हटलं असतं तर "त्यांना डॉक्टरला दाखवा" हे पुराण सुरू झालं असतं. मी सांगून टाकलं, माझंच आहे, सेहेचाळीस वय, बाकी ठणठणीत.

"जेवल्यावरच घ्या," तो म्हणाला. "आणि तीन-चार दिवसांत उतार नाही पडला तर दाखवा. घेत राहू नका."

दुकानदार असून गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणणारा हा पहिलाच भेटला. गोळी पिवळीधमक आहे, हळदीत बुडवल्यासारखी.

६ डिसेंबर, शनिवार

जादू! दोन दिवसांत आई पूर्वीसारख्या. आज काठवटीपुढे बसल्या त्या उठल्याच नाहीत. थापताना ओव्या म्हणत होत्या. मी पीठ मळत होते, हर्षाली निखारे ओढत होती आणि मला वाटलं, म्हसा मारला आपण.

मंगळी लाकडाची मोळी टाकायला आली होती. वाडीवरून येते, तिचं माझं दहा वर्षांचं जमतं. तिने आईंचा हात चालताना पाहिला आणि म्हणाली, "काय केलास गो अंजू? म्हातारी पोरगी झाली."

मी गोळीचं सांगितलं. तिची कंबर कायम धरलेली असते. म्हणाली, "मला पन दे की एक पिवळी."

"ती मनगटाची आहे. कंबरेची वेगळी असते."

तिला पटलं. ती मला डॉक्टरीणबाई म्हणून गेली. आवडलं, खोटं कशाला बोलू.

११ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. आईंचा कडक उपास, कोऱ्या चहाशिवाय काही नाही. सकाळी मनगट धरून बसलेल्या दिसल्या म्हणून मी गोळी पुढे केली. मेडिकलवाल्याचं आठवलं, म्हणून म्हटलं, थोडी साबुदाण्याची खिचडी तरी खा.

"गोळी जेवान थोडी हाय? तिनं उपास नाय मोडत," म्हणाल्या आणि कोऱ्या चहाबरोबर गिळली.

मी जास्त ताणलं नाही. देवीच्या दिवशी वाद नको. संध्याकाळी त्यांच्या छातीखाली जळजळत होतं. ओवा दिला, मीठ दिलं. रिकाम्या पोटी चहा घोटला की जळजळणारच. बघू, पुढच्या गुरुवारी चहा कमी द्यायचा.

१४ डिसेंबर, रविवार

मंडपाचा माणूस दोन वेळा फसवून गेला. साईनाथ म्हणतात, "होईल गं." त्यांच्या 'होईल'वर मी पंचवीस वर्षं काढली. टेंपो चालवणाऱ्याला वाटतं सगळं जग टेंपोसारखं, किल्ली फिरवली की चालू. एक काम धरते, दुसऱ्याकडे धावते, पहिलं चुलीवर करपतं.

गोळ्यांचं पाकीट संपलं होतं. शहापूरला जाणाऱ्या शेजाऱ्याकडे रिकामं पाकीट देऊन तसंच दुसरं आणवलं. त्याला कुणी काही विचारलं नाही, बरं झालं.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्यापन झालं. सवाष्णी जेवून गेल्या. आई हिरव्या लुगड्यात बसल्या होत्या आणि सगळ्याजणी म्हणत होत्या, आई किती उजळल्यात! खरंच उजळल्यात. चुलीपुढे आयुष्य काढलेलं माणूस, पण गालांवर असा फिका तजेला आलाय. मी म्हटलं, देवीचा प्रसाद. मंगळी म्हणाली, "नखं बघ, कशी पांढरीशिप्पट झालीत, शेरातल्या बाईसारकी." सगळ्या हसल्या. आईही हसल्या, पण उठताना भिंत धरली.

पाय सुजलेत थोडे. दिवसभर मांडी घालून बसल्यावर कुणाचे सुजणार नाहीत? रात्री उशाला लोड देते तसा पायाखाली द्यायला हवा.

२२ डिसेंबर, सोमवार

आज कारळे भाजून खुरासणीची चटणी कुटली. काळी कुळकुळीत, लसणाचा वास अख्ख्या आळीत. हीच आपल्या स्टॉलची ओळख. पिठलं कोणीही देईल, पण पांढऱ्या भाकरीवर काळी खुरासणी कोण देतंय? हर्षालीने पाटीसाठी नाव सुचवलं, 'बाईजाची भाकर'. आई लाजल्या. म्हणाल्या, "माझा नाव कुठं पाटीवर लिवतेस गो, मी काय मेलेय काय?"

दुपारी चटणी डब्यात भरताना आईंनी मला जवळ बोलावलं. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अंजू, मला परसाकडला डांबरासारकी होते गो. चिकाट. वास पन मारतो."

मला इतकं हसू आलं! चार दिवस चव बघायच्या नावाखाली वाटी वाटी खुरासणी खाताय, मग काय पांढरी होणार? त्यांना म्हटलंही तसं. त्याही हसल्या. म्हणाल्या, "खरा की. मी येडीच."

२६ डिसेंबर, शुक्रवार

या घरात माझ्यापासून काहीतरी लपवतायत. आज मी विहिरीवरून आले तर ओटीवर मायलेक कुजबुजत होते. मला बघून गप्प. साईनाथ उगाच टेंपोचा आरसा पुसायला लागले. आईंनी मुठीतलं काहीतरी कनवटीला खोचलं. मी विचारलं, काय आहे? "काय नाय, मशेरी," म्हणाल्या. मशेरी सोडून त्यांना तीन वर्षं झाली आणि वासही नव्हता.

मला वाटतं, हा नणंदेचा विषय असणार. तिचा नवरा रिकामा बसलाय. तिला स्टॉलमध्ये घ्यायचं आणि अंजूला शेवटच्या क्षणी सांगायचं, म्हणजे ती ओरडणार नाही. घेतलं असतंच हो मी तिला, पण चोरून कशाला? राबायचं मी, धावायचं मी, आणि मलाच बाहेरची धरायचं. राग आलाय. पिठाची चाळण आपटली तर तिची कड वाकली.

२९ डिसेंबर, सोमवार

आशाताई काजल घरोघरी फिरत आली होती. आईंचं बीपी मोजलं. दोनदा मोजलं. "बीपीची गोळी चालू आहे ना त्यांची?" विचारलं. चालू आहे, रोज सकाळी मीच देते. "मग एवढं वर कसं? आणि डोळे किती पांढरे आहेत. उद्याच आरोग्य केंद्रात आणा, रक्त तपासू."

उद्या चाळणीपासून मडक्यांपर्यंत सगळं टेंपोत भरायचंय. मी म्हटलं, जत्रा झाली की लगेच आणते. काजल म्हणाली, "वहिनी, जत्रा दरवर्षी येते." पोरगी अजून पंचविशीची नाही आणि म्हातारीसारखं बोलते.

आईंना विचारलं. म्हणाल्या, "म्हसा होऊ दे." आता त्याच म्हणाल्या तर मी काय करू?

पण ती गेल्यापासून मन ठिकाणावर नाही. आई दारातून तुळशीपर्यंत गेल्या आणि मध्येच थांबून श्वास घेतला. मनगटासाठी एक गोळी, फक्त एक. तेवढीच तर देते मी दिवसाला. एका गोळीने काय होतंय?

२ जानेवारी, शुक्रवार. म्हसा

पोचलो. कापडाचा मंडप, तीन चुली, पाटी वर. समोर घोंगड्या आणि ब्लँकेटांची दुकानं, डावीकडे पाळणा उभा राहतोय, पलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज. थंडी मरणाची. देवाला नारळ फोडला. आईंनी हात जोडून बराच वेळ डोळे मिटले होते. काय मागितलं विचारलं तर म्हणाल्या, "तुझी चूल पेटू दे, आनी काय मागू?"

मी नणंदेबद्दल केवढं मनात आणलं होतं. ती आलेली नाही. मग काय लपवतायत कळत नाही.

३ जानेवारी, शनिवार

पौर्णिमा. लवकर उठून लिहितेय. चुली पेटल्या. आई जेवल्या नाहीत, भूकच नाही म्हणतात, पण हात चालतोय. पहिलं गिऱ्हाईक घाटावरचा बैलवाला. भाकरी उजेडाला धरून बघितली त्याने! बाकी नंतर लिहीन.

४ जानेवारी, रविवार. कल्याण

इस्पितळाच्या बाकावर बसलेय. डायरी पिठाच्या पिशवीत राहिली होती, पिशवी खांद्याला अडकलेली तशीच आले. पानांना पीठ लागलंय.

ऐन दुपारी झालं. रांग लागली होती. मी पिठलं वाढत होते, पाठ आईंकडे. कुणीतरी ओरडलं, "मावशी, भाकर जळतेय!" मी चिडून वळले, हर्षालीला ओरडायला. तर भाकरी तव्यावर काळी पडली होती आणि आई काठवटीवर कलल्या होत्या, हात पिठातच. मी धरलं तर त्यांना उलटी झाली. तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखी. मी म्हटलं, चहा पडला, सकाळचा कोरा चहा पडला, काही नाही, काही नाही. हे मी किती वेळ म्हणत होते कोण जाणे. घोंगडीवाल्याने नवी कोरी घोंगडी ओढून आईंच्या अंगावर टाकली आणि साईनाथांनी टेंपोतलं सामान तिथेच रस्त्यावर ओतलं.

मुरबाडला डॉक्टरने नाडी बघितली, सलाईन लावलं आणि थेट अॅम्ब्युलन्समध्ये घातलं. पोटात रक्तस्राव आहे म्हणाले. रक्त! बाहेर एक थेंब दिसला नाही मला.

रक्ताच्या पिशव्या चढतायत. कल्याणला आल्या आल्या दुर्बीण घालून बघितलं. जठरात जखम, तिथून झिरपत होतं. टोचून बंद केलं म्हणाले, आता दोन दिवस काढले पाहिजेत.

देवा म्हसोबा, मी परत काही मागणार नाही.

५ जानेवारी, सोमवार

आज डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. खऱ्या डॉक्टरीणबाई. तरुण आहेत, आवाज न चढवता बोलतात.

"आजी दुखण्याच्या गोळ्या घेतात?"

मी आणि साईनाथ एकदम "हो" म्हणालो आणि एकमेकांकडे बघितलं.

मी म्हटलं, "मनगटाची. पिवळी. दिवसाला एकच."

ते म्हणाले, "गुडघ्याची. लाल. मी मुरबाडवरून आणायचो. सकाळ-संध्याकाळ."

तुम्ही? कधीपासून? ते खाली मान घालून म्हणाले, "आईनी सांगितलेला, अंजूला बोलू नको. ती बोलंल, बसू नका मग. स्टॉल बंद करंल."

तेवढ्यात सिस्टरने एक पुरचुंडी आणून ठेवली. आईंच्या कनवटीला सापडली होती. त्यात लाल पाकीट होतं आणि शिवाय एक तिसरं, गावातल्या किराण्यातलं. आईंनी हर्षालीला सांगून आणवलं होतं, दाढ ठणकते म्हणून. दाढेची पांढरी.

तर ही ती मशेरी.

पिवळं माझ्या पिठाच्या पिशवीतच होतं. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही पाकिटं टेबलावर उलटी मांडली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नाव असतं, तिथे पेनाचं टोक ठेवलं. "वाचा."

मी वाचलं. पिवळीवर आयब्युप्रोफेन. लालवरही आयब्युप्रोफेन. पांढरीवर डायक्लोफिनॅक.

"या दोन सख्ख्या बहिणी," त्या म्हणाल्या, "आणि ही तिसरी चुलत. मनगटाची, गुडघ्याची, दाढेची असं काही नसतं. एकच काम करणारं औषध तुम्ही तिघांनी तीन बाजूंनी दिलंत. तेही उपाशीपोटी, महिनाभर. जठराचं अस्तर खरवडून निघालं. बीपीच्या गोळीलाही ही आडवी जाते, म्हणून बीपी चढलं, पाय सुजले. मूत्रपिंडावर ताण आलाय, ते सुधारेल असं वाटतंय. गोळी वाईट नाही. धडधाकट माणसाला, भरल्या पोटी, दोन-चार दिवस, एका वेळी एकच, तर कामाची आहे. पण या वयात, बीपी असताना, विचारल्याशिवाय नाही."

मला तो शहापूरचा मेडिकलवाला दिसत होता. त्याने हेच सगळं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, माझंच आहे.

मग त्यांनी विचारलं, "शी काळी होत होती का? डांबरासारखी?"

साईनाथ म्हणाले, "नाय ओ, तसा काय बोलली नाय."

मी काय करू? जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी म्हटलं, "होत होती. पंधरा दिवस झाले. मला सांगितलं होतं त्यांनी. मी हसले. मी म्हटलं, खुरासणीमुळे आहे."

साईनाथांनी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. कुणीतरी मला ओरडायला हवं होतं.

७ जानेवारी, बुधवार

आई शुद्धीत आहेत. पेज दोन चमचे घेतली.

हर्षाली रडरडून सुजलीय. मीच आणली ती पांढरी, म्हणते. मी तिला जवळ घेतलं. सांगितलं, तू आजीचं ऐकलंस, बाबांनी आईचं ऐकलं, आजीने माझं ऐकलं. ऐकायचं होतं ते आशाताईचं, ते कुणी ऐकलं नाही.

साईनाथ माझ्याशी कामापुरतं बोलतात. म्हशाला टाकलेलं सामान घोंगडीवाल्याने सांभाळून ठेवलंय, असा निरोप आला. पाटी अजून तिथेच टांगली आहे म्हणे.

९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी मी एकटीच होते आईंपाशी. त्यांचा हात हातात घेतला. त्या हातावर पिठाशिवाय मी कधी एवढा वेळ हात ठेवला नव्हता. म्हटलं, आई, दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत मला? रोज काळी होत होती, जळजळत होतं, एकदा ओरडायचं होतंत माझ्यावर.

त्या छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सांगितला होता ना गो तुला. तू बोललीस खुरासणी. मी बोलले, अंजू बारावी शिकलेय, तिला ठावं. मंग मी कशाला बोलू?"

रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच त्या सांगत होत्या. मी मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. आयुष्यात कुणी माझ्या शब्दावर एवढं विसंबलं नव्हतं आणि मी तो शब्द हसून फेकला होता.

परत आले तर म्हणाल्या, "पाटी कुनी काढली काय?"

१२ जानेवारी, सोमवार

घरी सोडलं. औषधं जठर भरून येण्यासाठीची आहेत, बीपीची गोळी बदललीय. दुखण्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या सगळ्या कायमच्या बंद. फारच दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही सांगितली तेवढीच, आणि गरम पाण्याचा शेक. मनगटाला पट्टा दिलाय. रक्तवाढीची लोहाची गोळी थोडी थांबून सुरू करणार, कारण तिनेही शी काळी होते आणि मग आपल्याला कळणार नाही कुठली काळी कशाची. "तोवर रोज रंग बघायचा," डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं. "काळी दिसली की चटणी-बिटणी म्हणायचं नाही. तडक यायचं."

मी म्हटलं, नाही म्हणणार.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली. आईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला, मला सगळ्यात शेवटी, आणि गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बोटं मोडताना मनगट दुखलं त्यांचं. चेहऱ्यावर दिसलं. मी गरम पाण्याची पिशवी आणली. गोळी द्यायची म्हणून नव्हे, पण हात अजून आपोआप फळीकडे जातो. फळी रिकामी आहे.

साईनाथ आज स्वतःहून बोलले. "पुढल्या वर्षी म्हशाला भाकर कोन थापनार?"

"मी," म्हटलं. "जाड झाली तरी खा."

हसले. बारा दिवसांनी हसले.

मंगळी मोळी टाकायला आली. कंबर धरून उभी. "त्या पिवळ्या उरल्या आसतील तर दे ना गो. म्हातारीला नाय चालत, मला चालंल."

मी तिला खाली बसवलं. काय खाल्लंस विचारलं. सकाळपासून काही नाही. दुसऱ्या कुठल्या गोळ्या? अंगदुखीची एक आहे, वाडीतल्या दुकानातली. कसली ते ठाऊक नाही, निळी. मी तिला भाकरी वाढली, माझीच, जाड. तिला म्हटलं, ती निळी घेऊन ये उद्या, मागचं नाव वाचू, आणि परवा दोघी आरोग्य केंद्रात जाऊ. मी आता डॉक्टरीणबाई नाही.

"पन ती मनगटाची होती, ही कंबरेची," मंगळी म्हणाली. मीच शिकवलेलं.

ओटीवरून आईंचा आवाज आला, बारीक पण ठसक्याचा. "गोळीला काय डोळं हायत गो मंगळे? तिला काय म्हाईत मनगाट कुठला नि कंबार कुठली? पोटात गेली की पयला पोटच खाती ती."

१८ जानेवारी, रविवार

रंग बघायचा म्हणजे काय, हे डॉक्टरीणबाईंना सांगायला सोपं. आई मला परसातल्या संडासाच्या जवळ फिरकू देत नाहीत. "सुनेला दावू काय आता? मेले तरी नाय." तीन दिवस भांडण. त्या मला नुसतं "बरी हाय, बरी हाय" सांगायच्या आणि माझा जीव टांगणीला. मी मागे दारात उभी राहायचे, पायातलं चप्पल न काढता. गाडी कुणाची मिळेल, किती वेळात कल्याण गाठू, हेच डोक्यात. हा जीव आता असाच राहणार बहुतेक.

शेवटी काल तोड निघाली. बघायचं त्यांनी. सांगायचं मात्र खरं, आणि लगेच, तिथूनच.

आज सकाळी मी चुलीपुढे बसले होते. काठवटीत उकड मळत होते, आईंची काठवट. दोन भाकऱ्या फाटल्या होत्या. साईनाथ बाहेर टेंपो धूत होते, समोरच्या घरी पाहुणे चहा पीत होते, रस्त्यावरून माळशेजकडे चाललेल्या गाड्या. आणि परसातून आईंचा आवाज आला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

"अंजू! गो अंजू! पिवळी हाय गो, पिवळी!"

समोरचे पाहुणे कप हातात धरून बघत राहिले. साईनाथांच्या हातून पाण्याचा पाइप सुटला. मला उठता येईना, हसताही येईना, दोन्ही हात पिठात आणि डोळ्यांना धार. पदराला हात पुसायचंही सुचलं नाही. मी तशीच दाराकडे तोंड करून, घसा फुटेस्तोवर ओरडले, "ऐकलं, आई!"